बघणाऱ्याची स्किन

सिद्धेश, परवा ऑफिसात कोणी नसताना मी तो लाल रंग पुन्हा तपासला. तुझ्या पहिल्या फाइलीत त्या रंगाचा जो आकडा होता तोच आजही तिथे आहे. एका अंकाचाही फरक नाही. हे तुलाच सांगायचं होतं, म्हणून लिहायला बसले.

तू गेल्यावर पुष्कळांनी तुझ्याविषयी लिहिलं. शांत स्वभावाचा, कमी बोलणारा, कोणाशी वाद न घालणारा. मी वाचत गेले आणि मला ओळखच पटेना. म्हापशाच्या आपल्या त्या दोन खोल्यांत, खाली भुसारी दुकान आणि वर आपण, तू टेबलावर पालथी मूठ आपटायला लागलास की बाकीचे निमूट उठून चहाला खाली जायचे. परत येताना आपल्या दोघांसाठी भजी आणायचे, कारण तोवर आपलं संपलेलं नसायचं. हा शांत माणूस कोण होता, मला माहीत नाही. माझ्याशी तरी तो कधी बोलला नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "इतकी वर्षं भांडायचात ते कशावरून गो?"

त्यांना सांगायला बसले. म्हटलं, वेबपानावर आपण जी बटणं, तारखेचे चौकोन, नावं भरायच्या जागा बघतो, ते तुकडे आम्ही आधीच तयार करून ठेवतो. त्याला कंपोनंट म्हणतात. एकदा केलेला तुकडा पतसंस्थेच्या पानावर बसतो आणि शाळेच्याही. पान दिसावं कसं, रंग कुठला, अक्षर केवढं, हे सांगणारी वेगळी भाषा असते, तिला सीएसएस म्हणतात. पतसंस्थेला हिरवा पाहिजे, शाळेला निळा. आतला तुकडा तोच, वरचा पेहराव बदलतो. त्या पेहरावाला आम्ही स्किन म्हणतो. पण हे तुकडे बंद पेटीसारखे असतात. बाहेरून लिहिलेलं सीएसएस आत पोचत नाही. मुद्दामच तशी सोय केलेली असते, एकाचा रंग दुसऱ्याला लागू नये म्हणून. सिद्धेशने त्या भाषेतच स्वतःची एक नवी खूण घातली, पेटीच्या आत जाण्यासाठी.

सासूबाई म्हणाल्या, "मग बरंच झालं की. त्यात भांडण कसलं?"

"आत कोणी जायचं, त्याचं."

"असं होय," त्या म्हणाल्या. आणि मग, "घरोघरी तेच."

तू असतास तर हे ऐकून किती हसला असतास.

ती खूण तुला सुचली तेव्हा मी तिथेच होते. काजूचे दिवस होते. तू सुट्टी घेऊन पार्सेला घरी गेलेलास आणि तिकडून मला फोन केलास की सापडलं, लगेच ये. फोनवर सांगता येत नव्हतं म्हणे. मी मयेहून स्कूटर काढली, अस्नोडा, कोलवाळचा पूल, आणि तुमच्या बागेत पोचले तर तू बोंडांच्या ढिगाऱ्यापाशी बसून बिया पिळून काढत होतास. तुझी आई पलीकडे बसलेली. तुझी दीपा शाळेत शिकवायला गेली होती. तू काटकी घेतलीस आणि मातीत एक लाट काढलीस, तिच्या टोकाला एक बाण.

"हें बघ. ह्याच्या डावीकडे कंपोनंटचं नाव, उजवीकडे आतला भाग. ब्राउझरला ही खूण कळायची नाही. म्हणून आधी आपला एक छोटा प्रोग्राम ती फाइल वाचणार, खूण दिसली की थांबणार, साध्या सीएसएसमध्ये ती उलगडणार आणि प्रत्येक पेटीत नेऊन ठेवणार. स्किन लिहिणाऱ्याला यातलं काही कळायची गरज नाही."

"वाचायची कशी?" मी विचारलं.

"जनेल," तू म्हणालास, म्हणजे खिडकी.

आईने मान वर केली. "खंयचां जनेल मोडलां?"

"मोडूक ना गो आई. नवां बसवतंय."

मी लगेच सुरू केलं. सीएसएस ही सगळ्या जगाची भाषा, ती काही आपली बागायत नव्हे की वाटेल तिथे कुंपण तोडून वाट काढावी. उद्या ब्राउझरवाल्यांनी नेमक्या याच खुणेला दुसरा अर्थ दिला तर आपण लिहिलेली प्रत्येक स्किन कोसळेल. तू म्हणालास, जी भाषा वापरतात ती वाढतेच, वाढू नये असं वाटत असेल तर बोलायचंच बंद करावं. मी म्हटलं, हे बोलायला छान आहे. तू म्हणालास, छानच आहे. तासभर चाललं असेल. माझे हात बोंडांच्या रसाने चिकट झाले होते आणि मला आठवतही नाही मी बिया काढायला कधी बसले ते.

शेवटी आई उठली. "आदीं जेवा, मागीर झगडा. तुमका दोगांक कोर्टात धाडूक जाय."

वाटेत शेजारची बाई भेटली तर आईने माझी ओळख करून दिली, की ही माझ्या मुलाबरोबर काम करते. कसलं काम, असं तिने विचारल्यावर आई अगदी अभिमानाने म्हणाली, "माझो झील कॉम्प्युटराक कातडी घालता." त्या बाईने तुझ्याकडे बघितलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

खुणेवर मी नमले, हे कबूल. दोन-तीन गिऱ्हाइकांची कामं तिने सोपी झाली, आणि जो माणूस पूर्वी एक स्किन करायला आठवडा लावायचा तो दुपारच्या जेवणाआधी मोकळा होऊ लागला. मग तू पुढची गोष्ट काढलीस, आणि तिथे मात्र मी नमले नाही.

तुला स्किनचे तीन थर पाहिजे होते. सगळ्यात खाली फ्रेमवर्कची, सगळे तुकडे ज्यात बसतात त्या साच्याची, म्हणजे आपली. तिच्यावर गिऱ्हाइकाची. आणि सगळ्यात वर बघणाऱ्याची. पान बघणारा जो कोण असेल त्याने स्वतःसाठी लिहिलेली, आणि शेवटचा शब्द तिचा. पेडण्याच्या बाजारात तू एका म्हाताऱ्याला संगणकाच्या पडद्याला नाक टेकवून आपलं नाव शोधताना पाहिलं होतंस. मी म्हटलं, ब्राउझर मोठा करून दाखवायचास त्याला. तू म्हणालास, दाखवला, तर अक्षर मोठं झालं आणि अर्धं पान कडेला पळालं, मग तो नावाच्या मागे मान फिरवत बसला. "अक्षर त्याचं त्याला मोठं करता आलं पायजे नूतनबाय. तेवढंच. आपण कोण त्याला नको म्हणणार?"

मी नको म्हणतच नव्हते. माझं म्हणणं इतकंच होतं की पेटीच्या आतले जे भाग मी नावं देऊन बाहेर ठेवले आहेत, मथळा, मजकूर, कडा, तेवढ्यांवर तुझं जनेल उघडू दे. बाकी आतलं माझं. कंपोनंट मी सांभाळत होते. आतली रचना बदलायची मोकळीक मला नसेल तर एक खिळा काढायला जाऊन पन्नास लोकांची पानं मोडायची, आणि फोन मला यायचे, तुला नाही. तू याला सरकारी परवानगी म्हणायचास. "जनेल म्हटलं की जनेल. आत बघायला तुझ्याकडून दाखला कित्याक आणायचा?" तू तो बदल लिहून तयार ठेवलास, कुठलाही भाग, नाव असो नसो, बघणाऱ्याला उघडा. मी तो आपल्या कामाच्या साठ्यात घेतला नाही आणि फेकलाही नाही. तो तसाच माझ्या होकाराची वाट बघत राहिला. आपलं सगळं भांडण त्या एका बदलावर येऊन थांबलं होतं.

मला अजूनही वाटतं, माझं बरोबर होतं. तू गेलास म्हणून मी मत बदलणार नाही. तुला ते आवडलंही नसतं.

मग तो लाल.

दवाखान्याच्या नोंदणीचं पान होतं. माहिती चुकीची भरली की खाली लाल अक्षरात सूचना येते, एवढीच गोष्ट. तू तुझ्या जागेवरून ओरडलास, "नूतनबाय, लाल कित्याक बदललंस गो?"

मी म्हटलं, हात लावलेला नाही.

"धुतल्यासारखो दिसता. कपडो चार-पाचदां धुवचो तसो."

मी फाइल उघडून दाखवली. आकडा तोच. तू म्हणालास, मग माझ्या मॉनिटरचं काहीतरी आहे. आपण मॉनिटर बदलला. त्यावरही फिका. तू चिडलास, मीही चिडले, कारण मला वाटलं हे तुझं नवीन काहीतरी काढणं आहे, गिऱ्हाइकाला गडद लाल द्यायचा आहे आणि सरळ सांगत नाहीस. मग तू माझ्या खुर्चीत येऊन बसलास, माझ्या पडद्यासमोर. एक डोळा हाताने झाकलास. तो सोडलास, दुसरा झाकलास. पुन्हा पहिला.

"ह्या डोळ्यान लाल," तू म्हणालास. "ह्या डोळ्यान गुलाबी."

आम्ही हसलो रे. मी पण हसले. कोणीतरी म्हणालं, सिद्धेशला एकात दोन स्किन बसवून मिळाल्या. तूच सगळ्यात जास्त हसलास. दीपाने तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा आमची कल्पना, चष्मा लागणार. चष्मा कसला घ्यावा यावरही आपलं थोडं झालं होतं.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. डोळ्यांच्या डॉक्टरने मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे फोटो काढले. दोन्ही डोळ्यांच्या शिरा जिथे मेंदूत एकत्र येतात तिथे गाठ होती, आणि जागा अशी की सुरी लावायला सर्जन धजेना. थोडंसं काढलं, तपासायला. मग किरण सुरू झाले. डॉक्टरने दीपाला काय सांगितलं ते तिने मला सांगितलं, आणि मी ते ऑफिसात सांगितलं, आणि सगळ्यांनी तेच एक वाक्य धरलं, हल्ली पुष्कळ उपाय निघालेत. तू इस्पितळातून परत ऑफिसात आलास त्या दिवशी प्रत्येकजण तुला हे म्हणाला. तू प्रत्येकाला "होय होय" म्हणालास. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालास, "तू म्हणू नको हां." मी म्हटलं नाही. नुसतं तू अर्धवट ठेवलेलं काम मागितलं. तू लगेच खुर्ची ओढलीस.

मग तू ऑफिसात यायचा थांबलास आणि मी शनिवारी पार्सेला येऊ लागले. तू आपल्या फ्रेमवर्कमध्ये स्वतःच्या नावाची एक स्किन सुरू केली होतीस. बघणाऱ्याची स्किन, तिसरा थर. गिऱ्हाइकांसाठी तो थर अजून खुला नव्हता, तुझ्या एकट्याच्या यंत्रावर तो चालत होता. पहिल्यांदा आले तेव्हा अक्षर थोडं मोठं होतं. पुढच्या वेळी काळ्यावर पिवळं. मग कडेचं दिसेना झालं तेव्हा आपण सगळं पान मधे ओढून घेतलं, एकच अरुंद पट्टा. तू लिहायला सांगायचास, मी लिहायचे. दीपा पलीकडच्या खोलीत पेपर तपासत असायची आणि मधूनच आत येऊन तुझ्या पाठीमागची उशी सरळ करायची. ती काही विचारायची नाही. फक्त पडद्याकडे बघायची, अक्षर मागच्यापेक्षा केवढं झालंय ते.

मलाही त्यावरूनच कळायचं. डॉक्टरचे कागद मला कळत नव्हते. पण दर शनिवारी तू "अजून मोठां कर" म्हणायचास. मी करायचे. दुसरं काहीच करता येत नव्हतं. माझ्या हातात एक आकडा वाढवणं होतं आणि तो मी वाढवत होते.

एके दिवशी तारखेच्या चौकोनातले आकडे अडले. ते माझ्या कंपोनंटच्या आत होते आणि त्यांना मी नाव दिलेलं नव्हतं. तुझं जनेल तिथे उघडेना. बाकी पान एवढं मोठं आणि मधेच ते मुंगीसारखे आकडे.

"हो चौकोन उघड," तू म्हणालास.

मी त्यांना नाव दिलं, उघडले.

"एकच कित्याक? आता सगळोच उघड. घे माझो बदल."

तुझा चेहरा माझ्याकडे होता, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा वर कुठेतरी लागलेली होती. सिद्धेश, तेव्हा हो म्हणणं इतकं सोपं होतं. एक बटण दाबायचं. दीपा दारात उभी होती, तिलाही वाटत होतं मी हो म्हणावं, असं तिने मला नंतर सांगितलं. पण मी तेव्हा हो म्हटलं असतं तर तुला कळलं असतं, मी का हो म्हटलं ते. तुझा मुद्दा पटला म्हणून मी नमले असं तुला क्षणभरही वाटलं नसतं. म्हणून मी आवाज चढवला. म्हटलं, नाही उघडणार. आधी मला सांग, आतली रचना बदलायची झाली तर कोण निस्तरणार?

तू खूश झालास. खरंच खूश झालास. उशीवरून पुढे सरकलास आणि पालथी मूठ पलंगाच्या लाकडावर आपटलीस, आणि आपण सुरू झालो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "परत लागली दोगां." दीपा आत निघून गेली. ती रडत होती की हसत होती, मी विचारलं नाही.

असं बराच काळ चाललं असं आता वाटतं, पण बराच काळ नव्हता तो. नंतर एका शनिवारी पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावत होता. मी अक्षर अजून वाढवलं. विचारलं, आता?

"रंग खंयचो?" तू विचारलंस.

"पिवळाच आहे."

"बरां," तू म्हणालास. मग थोडं थांबून, "नूतनबाय, लिहू नको आता. मागच्या वेळेकय माका काय दिसूक नाय होतां. तू इतक्या लांबसून येतंस म्हणून बोललंय नाय."

मी कीबोर्डवरचे हात काढले.

"आता माका खंयचीच स्किन नाका," तू म्हणालास. "जिंकलंस तू."

आपल्या भांडणात तू मला कधीच असं म्हणाला नव्हतास. किती वर्षं मला ते ऐकायचं होतं. आणि मी तिथे बसून राहिले, त्या पिवळ्या शब्दाकडे बघत. नंतर स्कूटरवरून येताना कोलवाळच्या पुलावर मला पुष्कळ उत्तरं सुचली. हे जिंकणं मला नको आहे, असं काहीतरी. पण ती मी पुढच्या शनिवारीही दिली नाहीत. तू तोवर पुढे गेला होतास. तू यंत्राला बोलायला लावलं होतंस.

पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो आवाज. बाईचा, जरा सरकारी, मराठी शब्दांवर नको तिथे जोर देणारा. "उपायुक्त बोलते," असं तू म्हणायचास. तुझी बोटं बाणाच्या कळांवर, आणि ती बाई एकेक कंपोनंटचं नाव घेत पुढे सरकायची. रंग नाही, अक्षराचा आकार नाही. आपण दोघांनी ज्याच्यावर वर्षानुवर्षं डोकं फोडलं त्यातलं काहीही तिला माहीत नव्हतं. तुला त्याचं काही वाटलं का? तू म्हणालास, बरी आहे, भांडत नाही. मग म्हणालास, पण मजा येत नाही.

शेवटी तुझं बोलणं कमी झालं. झोप वाढली. मी यायचे, तुझ्या बाजूच्या खुर्चीवर, तुमच्या त्या कदेलावर, बसायचे, ऑफिसातलं सांगायचे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी, कोणी किती मूर्खासारखं जनेल वापरलं ते. कधी तुझ्या भुवया हलायच्या. मी सांगत राहायचे. तुला सांगायचं होतं ते मात्र यातलं काहीच नव्हतं. मला बाहेरून कामं चालून आली होती, बेंगळुरूहून, पुण्याहून, आणि मी गेले नाही. लोकांना मी घरचं कारण दिलं. नवऱ्यालाही तेच दिलं. खरं कारण हे होतं की तिकडे माझ्याशी असं भांडणारं कोणी नसतं. इतकं साधं वाक्य. तू झोपलेला असताना मी ते दोनदा जुळवलं आणि दोन्ही वेळा ऑफिसच्या गोष्टींत सोडून दिलं. वाटलं, जागा झालास की सांगू. जागेपणी सांगितलं असतं तर तू थट्टा केली असतीस, आणि मी त्याचीच वाट बघत होते.

दीपाचा फोन आला तेव्हा पाववाला पोदेर दारात होता, माझ्या हातात उंडे होते. ती फक्त "नूतनताई" म्हणाली. मी उंडे तसेच घेऊन स्कूटरवर बसले आणि पार्सेला पोचल्यावर ते कुठे ठेवावेत ते मला कळेना. तुमच्या पडवीत लोक जमले होते. कोणीतरी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. तुला नेलं तेव्हा आम्ही बायका पडवीतच राहिलो. आई रडली नाही. ती विचारत राहिली, चष्मा दिला की नाही त्याच्याबरोबर. दीपा म्हणाली, दिला, आई. काही उपयोगाचा नसलेला तो चष्मा तू शेवटपर्यंत लावत होतास, तिला बरं वाटावं म्हणून.

ऑफिसात आता शांत असतं. कोणी मुद्दाम चहाला खाली जात नाही. तुझा बदल अजून तसाच आहे, साठ्याच्या बाहेर, माझ्या नावापुढे. रोज सकाळी यंत्र चालू केलं की ते विचारतं, घ्यायचा की नाकारायचा. घेतला तर तू हरल्यावर मी दिलेली भेट होईल. नाकारला तर, ते तर जमणारच नाही. एका नव्या सहकाऱ्याने परवा विचारलं, मॅडम, हा जुना बदल साफ करू का? मी त्याला इतकी जोरात नाही म्हणाले की तो दचकला. मग त्याने विचारलं, यात चूक काय आहे, चांगला तर आहे. आणि मी त्याला समजवायला लागले, आतली रचना, पन्नास लोकांची पानं. तो "हो मॅडम, बरोबर" म्हणाला. लगेच. मी बोलायची थांबले.

बारावं झाल्यावर दीपाने बोलावलं. फोनवर म्हणाली, "नूतनताई, ह्यां बंद कसां करूचां? माका जमणा नाय." तुझं यंत्र तिने झटकून ठेवायला म्हणून उघडलं आणि ती बाई बोलायला लागली, थांबेचना. दीपा कुठलीही कळ दाबो, ती बाई त्या कळेचं नाव सांगायची. झाकण पाडलं की गप्प, उघडलं की सुरू.

मी गेले. यंत्र तुझ्या खोलीत पलंगावर होतं. आई त्याच्या शेजारी बसली होती, भिंतीला टेकून, हात मांडीवर. दीपाने हळूच सांगितलं, सकाळपासून अशाच बसल्यात, झाकण पाडू देत नाहीत.

मी आवाज बंद करायला हात पुढे केला.

"रांव गो बाय," आई म्हणाली.

मी थांबले. यंत्रावर आपलं नमुन्याचं पान उघडं होतं, सगळे कंपोनंट एकाखाली एक मांडलेलं, नवीन स्किन लावून बघायला आपण ठेवतो ते. माझा हात कळेला लागला असावा. ती बाई म्हणाली, "बटन."

"कितां म्हणता तां?" आईने विचारलं.

"बटन म्हणतंय, आई."

"तां दाबल्यार कितां जाता?"

मी दीपाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. मी आईला सांगितलं की या पानावरची बटणं नुसती दाखवायला असतात, कशी दिसतात ते बघायला. ती कशालाच जोडलेली नसतात. दाबून काही होत नाही.

आईने ऐकून घेतलं. मान हलवली.

"दाब बघू," ती म्हणाली.

मी दाबलं. ती बाई पुन्हा म्हणाली, "बटन." खोलीत बाकी काही हललं नाही. आई दाराकडे बघत राहिली. बराच वेळ. मग माझ्याकडे वळली.

"परत दाब गो."